आठ कुंड्या झेंडू आणि सासूबाईंचा डावा डोळा

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा आधी पिकला. डाव्याला तीन-चार महिने अवकाश होता, पण तोही काढावाच लागेल, अंगावर काढला तर डोळा जाईल, असे डॉक्टरांनी पहिल्याच तपासणीत सांगितले. आम्ही राहत होतो ते हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. डॉक्टरांचा दवाखाना आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर आणि सासूबाईंचे गाव जवळा बाजारच्या पलीकडे. ऑपरेशननंतर चाळीस दिवस धूळ नको, चुलीचा धूर नको, वाकायचे नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही. म्हणजे मुक्काम आमच्याकडे. अडचण तिथेच होती.

लेकीच्या घरचे फुकट खायचे नाही, हा त्यांचा नियम. आमच्या लग्नाला तोवर सात वर्षे झाली होती. त्या काळात त्या अनेकदा आल्या, पण सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परत. पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी लेकीच्या हातावर काहीतरी ठेवायच्या. चार लिंबे, ओंजळभर शेंगा, एकदा नुसते दोन भोपळ्याचे वेल. मुक्काम कधीच नाही.

आषाढी पौर्णिमेनंतर आठवड्याने मेव्हण्याने त्यांना आणून सोडले. सोबत अर्धे पोते ज्वारी आणि तुरीची डाळ होती.

"दाण्याचं दाण्यानं फिटन," त्या मुलीला म्हणाल्या. "राहण्याचं कशानं फिटन?"

उत्तरही त्यांनीच आणले होते. डाळीच्या गाठोड्यात गेल्या दसऱ्याचा वाळलेला झेंडूचा हार होता. त्यातून बी काढायचे आणि आमच्या गच्चीवर कुंड्यांत लावायचे. येत्या दसऱ्याला या घराच्या दाराला विकतचे एकही फूल लागू द्यायचे नाही. तसे झाले तर राहणे फिटले आणि डाव्या डोळ्याचे ऑपरेशनही इथेच राहून करायचे.

"आन् फुलं न्हाई आली त?" बायकोने विचारले.

"त एक डोळा बास हाय. म्हैस वळखू येती, सून वळखू येती. अजून काय बघायचं राह्यलं?"

बायकोला हा विनोद वाटला. मेव्हण्याने जाताना जिन्यात मला वेगळे सांगितले, "दाजी, ती बोलली म्हंजी तसंच करती. फुलाचं बघा."

त्याच दिवशी बायकोने हार कुस्करून बी काढले आणि तेलाच्या आडव्या कापलेल्या डब्यात टाकले. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झाले. पाचव्या दिवशी रोप वर आले. तोपर्यंत सगळे सुरळीत होते.

आठ कुंड्या कुंभाराकडून आणल्या. त्यात भरायचे काय, हा प्रश्न सासूबाईंच्या मते नव्हताच. शेतातली काळी माती आणि घरच्या उकिरड्याचे खत. दुसरे काही त्यांना मान्य नव्हते. गच्चीच्या कठड्याशी मागच्या भाडेकरूने टाकलेला लाल मुरूम होता. तो थोडा मिसळावा का, असे बायकोने सुचवले.

"मुरूम रस्त्यावर टाकतेत," सासूबाई म्हणाल्या. "आपली माती सोनं हाय. एक मूठ लाव, ऊस येतो."

राखीला मेव्हणा आला तेव्हा एसटीच्या टपावरून दोन पोती आली. एकात माती, एकात खत. पोती गच्चीवर चढली आणि काम सुरू होण्याआधीच अडले. सासूबाईंना धुळीत जायचे नव्हते आणि वाकायचे नव्हते. बायको शाळेत शिक्षिका. ती दहाला घर सोडायची आणि पाचनंतर परतायची. मेव्हणा परतीच्या गाडीने निघून गेला. उरलो मी. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो आणि दुपारी बारापर्यंत मोकळा असायचो. पण जावयाला काम सांगायचे नाही, त्यातून शेणाखताचे तर मुळीच नाही. सात वर्षांत सासूबाई माझ्याशी थेट एक वाक्यही बोलल्या नव्हत्या. मी समोर असलो तरी, "त्यायला इचार, च्या घेतेत का," असे मुलीमार्फत बोलणे चालायचे.

त्या दिवशी त्यांनी मार्ग काढला. गच्चीच्या दारात खुर्ची टाकली, काळा चष्मा लावला, पदर पुढे ओढला आणि समोरच्या पाण्याच्या टाकीला उद्देशून बोलू लागल्या.

"ज्याला सवड असन त्यानं पोत्याचं तोंड सोडावं."

मी पोत्याचे तोंड सोडले.

"हात घालून बघावं. ऊन लागते का गार लागते?"

मी हात घातला. थोडे कोमट लागत होते. श्रावणातही त्या दिवशी ऊन होते, पोते टपावरून आले होते. कोमट लागण्याचे कारण ते असावे, असे मी गृहीत धरले आणि सांगितले, "गार आहे."

"वास कसा येते?"

"खताचा."

"खताचा वास म्हंजी काय असते? मातीसारखा येते का गोठ्यासारखा येते?"

मी पुन्हा वास घेतला. गोठ्यासारखा येत होता. पण खत त्यांच्या घरचे होते, पोते त्यांच्या मुलाने भरले होते आणि त्यांच्याच उकिरड्याबद्दल त्यांना वाईट बातमी द्यावी, असे मला वाटले नाही. "दोन्हीसारखा," मी म्हणालो. वार्ताहराने करू नये ते मी केले. पाहिले ते सांगितले नाही, ऐकणाऱ्याला आवडेल ते सांगितले.

निम्मी माती, निम्मे खत अशा आठ कुंड्या भरल्या. प्रत्येकीत दोन रोपे लावली. डब्यात वीसेक रोपे उरली ती तशीच राहू दिली.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. आठव्या दिवशी तीन कुंड्यांतली रोपे माना टाकून पडली. पाऊस झाला की काळ्या मातीचा चिखल होऊन पाणी वर तरंगायचे, दोन दिवस उघडीप मिळाली की ती कुंडीची कड सोडून मधोमध चिरायची. शेतात हीच माती हात-दोन हात खोल भेगा पाडून श्वास घेते. कुंडीत तिला जागा नव्हती. एका कुंडीत रातोरात पांढऱ्या छत्र्या उगवल्या. रोज संध्याकाळी बायको घरी आली की सासूबाई विचारायच्या, "कशी हायत?" आणि बायको म्हणायची, "लागली आहेत." डोळ्यावर काळा चष्मा असल्याने त्यांना तांबूस आणि हिरवे एकच दिसत होते. घरात दोन माणसे खोटे बोलत होती आणि दोघांनाही ते ठाऊक होते.

कृषी विभागातल्या एका ओळखीच्या अधिकाऱ्याकडे मी बातमीच्या निमित्ताने गेलो आणि जाता जाता विचारले. ते म्हणाले, गांडूळखत वापरा. तेव्हा गांडूळखताची लाट नुकती आली होती. खतांच्या दुकानात पिशवी मिळाली. भुसभुशीत, चहाच्या भुकटीसारखी. मी ती आणून दोन कुंड्यांत वरून टाकली. खाली कच्चे शेण तसेच होते, त्यामुळे फरक पडला नाही. सासूबाईंनी मात्र चिमूटभर मागून नाकाला लावले.

"याला वासच न्हाई," त्यांनी टाकीला सांगितले. "ज्याला वास न्हाई ते झाडाला कसं कळावं?"

गांडूळखत वाईट नव्हते, हे नंतरच्या वर्षांत कळले. त्या वेळी ते चुकीच्या पायावर टाकलेले वरचे मजले होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळे उघडे पडले. आमच्या गल्लीत दूध घालायला तांड्यावरची एक बाई यायची. सासूबाईंच्याच वयाची, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावर चरवी, आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाणारा. घरी दोन म्हशी आणि पंधरा-वीस शेळ्या होत्या. सासूबाई आल्यापासून दूध मापून झाले की ती जिन्यात बसायची आणि दोघींच्या गप्पा व्हायच्या. त्या दिवशी सासूबाईंनी तिला मोठ्या कौतुकाने गच्चीवर नेले.

"बघ माय, घरचं खत घातलंय. तुमच्या माळावर असं मिळणार न्हाई."

तिने एका कुंडीत बोट खुपसले, वर काढले आणि लुगड्याला पुसले.

"अक्का, हे खत न्हाई. हे शेण हाय."

"काय बोलून राहिली तू?"

"बोट घालून बघा की. अजून तापून राहिलंय. पोरं मेली समदी. ही बघा, ही बी गेली. तुमाला कुणी सांगितलं न्हाई का?"

सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. चाळीस दिवसांना अजून आठवडा बाकी होता. त्या वाकल्या, कुंडीत चार बोटे घातली आणि वास घेतला. मग माझ्याकडे वळल्या. टाकीकडे नाही.

"जावईबापू, मी इचारलं तवा काय मनलात तुमी? गार हाय मनलात. पेपरात बी असंच लिहिता का?"

सात वर्षांतले ते पहिले थेट वाक्य. मी एवढेच म्हणालो, "कोमट होतं. वासही गोठ्याचा होता."

"मग काहून न्हाई सांगितलं?"

"तुमच्या घरचं होतं म्हणून."

तांड्यावरची बाई खाली बसून हसू लागली. "लई गुणाचा जावई हाय, अक्का. तुमचं शेण बी त्याला साखर लागते."

सासूबाईंना हसू आले नाही. त्या पायऱ्या उतरून खाली गेल्या आणि संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. बायको शाळेतून आली तेव्हा त्यांनी तिला सांगितले की पोळा झाला की मेव्हण्याला निरोप धाडायचा, त्याने येऊन त्यांना न्यावे. डाव्या डोळ्याचा विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी गल्लीतून सजवलेले बैल जात असताना तांड्यावरची बाई चरवीसोबत एक गोणपाट घेऊन आली आणि कुणाला न विचारता थेट गच्चीवर गेली. गोणपाटात लेंडीखत होते. शेळ्यांच्या लेंड्या, पण गेल्या वर्षीच्या. दारापुढे मिरची लावायची म्हणून तिने झाकून ठेवल्या होत्या. बोटांत धरून दाबल्या की भुगा व्हायचा, रंग करडा, आणि वास पाऊस पडून गेलेल्या वाटेसारखा.

"हात घाला," ती मला म्हणाली. "आता खरं सांगा."

"गार आहे. मातीचा वास येतो."

सासूबाई जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. "लेंडी उष्ण असते," त्या तिथूनच म्हणाल्या. "जाळन रोपाला."

"ताजी जाळती, अक्का. शेण असो का लेंडी. वरीसभर निजलेली लेंडी कुणाला जाळती?"

"आन् ही काहून देऊन राहिली तू मला? मी तुझं काय देणं लागते?"

"फुकट कोण देतंय? जेवढी फुलं येतील त्यातली निम्मी माझी."

हे ऐकून सासूबाई वर आल्या. फुकट नव्हते म्हटल्यावर बोलणी होऊ शकत होती. निम्मी की पाव यावर दोघींची बरीच घासाघीस झाली आणि शेवटी निम्म्यावर ठरले. मेव्हण्याला धाडायचा निरोप राहून गेला. पोळ्यापासून दसऱ्याला चाळीस दिवस होते.

कुंड्या पुन्हा रिकाम्या केल्या. करपलेली माती आणि कच्चे खत गच्चीच्या कोपऱ्यात ओढून झाकून ठेवले. पुढच्या वर्षापर्यंत तेही निजेल, असे ठरले. नवे मिश्रण दूधवाल्या बाईने सांगितले आणि सासूबाईंनी दुरुस्त केले. पोत्यात उरलेली काळी माती दोन वाटे, आधी नाकारलेला लाल मुरूम चाळून एक वाटा, लेंडीखत कुटून एक वाटा. "अजून घाला की," मी म्हणालो. दोघी एकदम बोलल्या.

"झाड पानावर जाईल," एक म्हणाली.

"तण माजल्यावानी माजंल आन् फूल धरणार न्हाई," दुसरी म्हणाली. "झेंडूला उपाशी बी नको आन् मेजवानी बी नको."

तळाच्या भोकावर खापराचा तुकडा, त्यावर मिश्रण, वर बोटभर जागा रिकामी. डब्यात उरलेली रोपे आता उंच आणि किडकिडीत झाली होती. त्यांचे शेंडे खुडावेत, म्हणजे फांद्या फुटतील, असे दूधवाल्या बाईचे मत. सासूबाईंनी बोटांवर दिवस मोजले. शेंडा खुडला तर फुले जास्त येतात, पण पंधरा दिवस उशिरा. "आपल्याला दसरा धरायचा हाय, बाजार न्हाई," त्या म्हणाल्या. शेंडे राहिले. रोपे मात्र पहिल्या पानापर्यंत खोल लावली.

त्यानंतर टाकीशी बोलणे बंद झाले. सकाळी सातला गच्चीवरून थेट हाक यायची, "जावईबापू, चार नंबरचीला पाणी जास्त झालंय." कुंड्यांना नंबर मीच दिले होते. कोणत्या कुंडीला किती पाणी, कुठे नवे पान, कुठे माव्याची कीड, याची नोंद मी वहीत ठेवायचो आणि त्यांना वाचून दाखवायचो. पाने तांबडी असतील तर तांबडी म्हणायचो. वाईट बातमी आधी सांगायची, असा त्यांचा नवा नियम होता. माव्यावर राख फुंकली. कुंडीतले पाणी आता वर तरंगत नव्हते, ओतले की झिरपून खालच्या भोकातून थेंब यायचे. ते पाहायला त्या खास खुर्ची पुढे ओढायच्या.

महालक्ष्म्यांना, म्हणजे गौरींच्या सणाला, त्या तीन दिवस गावी गेल्या. घरच्या लक्ष्म्या दुसऱ्याने बसवलेल्या त्यांना चालत नव्हते. डॉक्टरांनी तोवर वाकायची परवानगी दिली होती. चौथ्या दिवशी परत आल्या. दुसऱ्या दिवशी दूध मापून झाल्यावर जिन्यात त्यांनीच विषय काढला.

"उकिरडा बघून आले. नव्या डोळ्यानं."

"मग?"

"तळ दिसून राह्यला व्हता. वैशाखात मीच उभी राहून गाड्या भरल्या. खरडून न्या मनलं, बोटभर बी ठेवू नका, शेताला जाऊ द्या. मग श्रावणात पोराला जुनं खत कुठून मिळणार? जे वर व्हतं ते आणलं त्यानं." त्यांनी दुधाचे पातेले झाकले. "उकिरडा साफ केला म्हणून गावाला सांगत फिरले मी."

आमच्याकडे सगळ्याच घरी असे होते. पेरणीआधी कुजलेले खत शेतावर जाते. नंतर उकिरड्यात उरते ते त्या पावसाळ्याचे ताजे शेण. शेत करणाऱ्या बाईला हे माहीत असतेच. पण श्रावणात खत लागायची वेळ तिच्यावर आयुष्यात कधी आलेली नसते. कुंडी हे शहराचे शेत, आणि त्याचा हंगाम गावाच्या हंगामाशी जुळत नाही.

"पोराला शिव्या घातल्या मी," सासूबाई म्हणाल्या. "आता त्याला काय सांगू?"

"सांगा, खत चांगलं व्हतं, जावयानं नासवलं," दूधवाली म्हणाली. "जावई काय बोलणार हाय?"

घटस्थापनेच्या दिवशी पहिली कळी दिसली, सहा नंबरच्या कुंडीत, हरभऱ्याएवढी. दोन दिवसांत बाकीच्या कुंड्यांनीही कळ्या धरल्या. गांडूळखताची उरलेली पिशवी मी दरम्यान त्यांच्या संमतीने सात आणि आठ नंबरला मुठीमुठीने घातली होती. त्या दोन कुंड्यांची पाने जरा गडद होती, कळ्या तेवढ्याच. त्यांनी ते पाहिले, मान हलवली आणि गांडूळखतावर पुन्हा टीका केली नाही.

कळी आणि फूल यांत आठ-दहा दिवस जातात. शेवटचे तीन दिवस आभाळ आले. सासूबाई दर तासाला गच्चीवर जाऊन यायच्या. नवमीच्या संध्याकाळपर्यंत निम्म्या कळ्या उघडल्या होत्या, बाकीच्यांच्या टोकाला नुसता केशरी रंग होता. त्यांनी जेवायला नकार दिला. फुले नाहीत तर जेवण कशाच्या जोरावर, असा त्यांचा हिशोब. बायकोने ताट झाकून ठेवले. बाजारात टोपल्या भरून झेंडू आला होता, पण घरात त्याचे नाव कुणी काढले नाही.

दसऱ्याच्या सकाळी लख्ख ऊन पडले आणि नऊपर्यंत उरलेल्या बहुतेक फुलांनी तोंड उघडले. सासूबाईंनी स्वतः फुले खुडली, देठाखाली नख लावून एकेक. सुपात ओतली तेव्हा सुपाचा तळ झाकला गेला, फार वर आली नाहीत. दारापुरता एक हार झाला असता. पण निम्मी फुले त्यांची नव्हती. बायको काही बोलायच्या आत त्यांनी सुपातली निम्मी बाजूला काढून ओल्या फडक्यात बांधली आणि जिन्यात जाऊन बसल्या.

दूधवाली उशिरा आली. सणाचे दूध जास्त होते. सासूबाईंनी गाठोडे पुढे केले. तिने ते सोडले, चार फुले उचलून कमरेला खोचली आणि बाकीचे परत ढकलले.

"म्हशीच्या शिंगाला दोन आन् दाराला दोन. बास झालं."

"निम्मं ठरलं व्हतं. मला फुकटचं नको."

"फुकट कुठं? माझी बाकी तुमच्याकडं राहू द्या. पुढच्या बहराला घेते. का तुमी तवर पळून जाणार हायत?"

सासूबाईंनी गाठोडे परत बांधून मांडीवर घेतले. तांड्यावरच्या बाईने चरवी उचलली, आणि गल्लीच्या टोकापर्यंत तिचे हसणे ऐकू आले.

हार झाला. मध्ये आंब्याची पाने जरा दाट लावावी लागली. दाराला बांधून झाल्यावर सासूबाई चार पावले मागे सरल्या आणि एकदा उजवा डोळा झाकून, एकदा डावा झाकून त्यांनी तो पाहिला. मग आत गेल्या, ताट वाढून घेतले आणि दोन पुरणपोळ्या खाल्ल्या.

जेवण झाल्यावर त्यांनी मला गच्चीवर बोलावले. खुडलेल्या देठांखालच्या बगलांत बारीक हिरवे ठिपके दिसत होते. एकेकावर बोट ठेवत त्या आठही कुंड्यांवरून फिरल्या.

"दिवाळीला दुसरा बहर येईल. या फुलांत चाळीस दिवसाचं राहणं फिटलं. त्या बहरात डाव्या डोळ्याचं फिटन, आन् दूधवालीची बाकी बी." त्यांनी आठ नंबरच्या कुंडीतली माती बोटाने उकरून पाहिली. "उद्या डाक्टरकडं जा आन् तारीख इचारून या, जावईबापू. आन् येताना ती तुमची बिनवासाची पिशवी आणा एक."